भुताला दिलेला इको

फादरांनी लाल पेन्सिल हातात ठेवली, तेव्हाच मी एक प्रश्न विचारायला हवा होता. विचारला नाही. मी चाळीस वर्षं ग्रंथालयात पुस्तकांच्या पाठीवर क्रमांक चिकटवले. तिथे प्रश्न वाचक विचारतात आणि उत्तर कपाटाकडे बोट दाखवून देता येतं. स्वतः विचारायची वेळ आली की माझी जीभ टाळूला चिकटते.

काम असं होतं. आमच्या चर्चच्या मागे एक वृद्धाश्रम आहे. तिथे दृष्टी गेलेली चौदा माणसं राहतात. त्यांतली एक माझी थोरली बहीण. या चौदा जणांसाठी येशूचं चरित्र टेपवर घ्यायचं फादरांनी ठरवलं. चार चरित्रांपैकी त्यांनी सर्वांत जुनं आणि सर्वांत आखूड निवडलं. जुनं म्हणून मी खूश झालो, आखूड म्हणून फादर.

वाचणार कोण, हा प्रश्न खरं तर नव्हताच. आमच्याकडे आवाज म्हटला की एकच माणूस. मैदानावरच्या शर्यती आणि चर्चमधले अंत्यविधी, दोन्हीकडे घोषणा तोच करतो, आणि दोन्हीकडे सारख्याच उत्साहात. त्याला सगळे भोंगा म्हणतात. तो चिडत नाही, त्याला ती पदवी वाटते.

पण ताईने वृद्धाश्रमातून निरोप धाडला. ‘भोंगा वाचणार असेल तर डोळ्यांबरोबर आमचे कानही गेलेले बरे. माझ्या भावाला बसवा.’

माझ्या आवाजाची आजवर कुणी मागणी केलेली नव्हती. ताई मला लहानपणापासून पुटपुट्या म्हणते. तिच्या निरोपामागचं कारण वेगळं होतं. महिनाभरापूर्वी मी तिला भेटायला गेलो होतो, तेव्हा ती मध्येच म्हणाली, “थांब. परत बोल.”

“काय बोलू?”

“काहीही बोल. तुझ्या आवाजाला भेग पडलीय पुटपुट्या. डॉक्टरला दाखव.”

डोळे गेल्यापासून तिला असल्या गोष्टी दिसतात. डॉक्टरांनी घशात नळी घालून पाहिलं आणि स्वरतंतूवर गाठ असल्याचं सांगितलं. काढावी लागेल. आवाज राहील का, असं मी विचारलं. म्हणजे मी तोंड उघडलं आणि त्यांनी ओळखलं. “राहिला तर राहील,” ते म्हणाले आणि सतरा तारीख दिली.

मी हे ताईला सांगितलं. तिने माझा हात चाचपून धरला आणि म्हणाली, “येशू कुणीही वाचेल रे. मला तुझा आवाज हवाय. तो गेल्यावर मी दिवसभर काय ऐकणार, शेजारणीचं घोरणं?”

फादरांना यातलं काहीच माहीत नव्हतं. आजार सांगून काम मिळवल्यासारखं वाटलं असतं, म्हणून मी सांगितलं नाही.

तर पेन्सिल. फादर त्यांच्या टेबलामागे बसले होते. “काका, ज्यांना दिसत नाही त्यांना कानाने कळायला हवं, की हा साधासुधा माणूस नाही,” ते म्हणाले. “म्हणून मी एक युक्ती काढली आहे. इको! आवाज घुमला पाहिजे. आभाळातून आल्यासारखा.” तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. एका हाताने फोन कानाला लावत त्यांनी दुसऱ्या हाताने पेन्सिल पुढे केली. “तुम्ही वाचणारे गृहस्थ आहात. जिथे जिथे प्रभूचं देवपण दिसतं, तिथे तिथे खूण करा. खटका त्या खुणांवर इको देईल.”

खटका म्हणजे आमचा ध्वनिवाला.

मी घरी आलो, खिडकीपाशी बसलो आणि पहिल्याच पानावर अडलो. जिथे देवपण दिसतं तिथे, म्हणजे नेमकं कुठे?

तो स्वतः बोलतो तिथे, असं पटकन वाटेल. मलाही वाटलं. पण तो बोलतो काय? ‘चला, पलीकडच्या काठाला जाऊ.’ ‘तुमच्याजवळ खायला किती आहे?’ ‘मला कुणी हात लावला?’ आता देवाला हे विचारावं का लागावं? मेलेल्या मुलीला उठवतो आणि पुढच्याच श्वासात म्हणतो, हिला काहीतरी खायला द्या. हे तर कुठल्याही घरातली मावशी म्हणेल. वादळात नावेच्या टोकाला उशी घेऊन झोपतो. झाडाला फळ नाही म्हणून त्याच्यावर डाफरतो, आणि लिहिणारा निर्लज्जपणे नोंदवतो की तो फळांचा हंगामच नव्हता. गावची माणसं म्हणतात, हा तो सुतारच ना? आणि तिथे त्याच्या हातून फारसं काही होत नाही. शेवटचा दिवस कधी, असं विचारल्यावर सरळ सांगतो की ते मलाही ठाऊक नाही. देवाच्या जागेसाठी अर्ज केला असता तर पहिल्याच चाळणीत गळाला असता.

मग देवपण दिसतं कुठे? मी तीन दुपारी घालवल्या. ते दिसतं दुसऱ्यांच्या तोंडून, आणि तेही भलत्यांच्याच. त्याला पहिल्यांदा ओळखतं कोण? शिष्य नाहीत, धर्मगुरू नाहीत. सभास्थानात बसलेल्या एका माणसाच्या अंगातलं भूत. ते ओरडतं, तू कोण आहेस ते मला पक्कं माहीत आहे, तू देवाकडचा आहेस! आणि तो त्याला गप्प करतो. पुढे विरोधक कुरकुरतात की पापांची क्षमा देवाशिवाय कोण करू शकतो? ते तक्रार म्हणून विचारतात, पण वाचणाऱ्याला उत्तर मिळून जातं. वादळ शमल्यावर शिष्य एकमेकांना विचारतात, हा आहे तरी कोण, वारासुद्धा याचं ऐकतो! बरं, विचारून थांबतात. उत्तर देत नाहीत. मला ते शिष्य फार जवळचे वाटले. आणि शेवटी, तो मेल्यावर, शिक्षा अंमलात आणणाऱ्या शिपायांचा नायक वर बघून म्हणतो, हा खरोखर देवाचा पुत्र होता. शिष्य तोवर पसार झालेले.

आभाळातला आवाज दोनदा येतो, तो सोडला तर ओळखणाऱ्यांच्या यादीत ठळक नावं ही. भूत, विरोधक आणि जल्लाद.

लिहिणाऱ्याने हे मुद्दाम केलं, की त्याला लिहिताच येत नव्हतं, हे मी सांगू शकत नाही. मी अभ्यासक नाही. अभ्यासकांची पुस्तकं मी फक्त जागेवर ठेवली. पण लाल पेन्सिल हातात होती आणि सूचना स्पष्ट होती. मी भुताखाली रेघ मारली. विरोधकांखाली मारली. शिष्यांच्या प्रश्नाखाली, जल्लादाखाली आणि आभाळाखाली मारली. एका जागी मात्र अडकलो. मुख्य धर्मगुरू त्याला तोंडावर विचारतो, तूच का तो? आणि तो म्हणतो, मी आहे. इथे रेघ मारली, खोडली, परत मारली. शेवटी बाजूला प्रश्नचिन्ह काढलं.

विचारायला दोनदा फादरांकडे गेलो. पहिल्यांदा ते फोनवर होते. दुसऱ्यांदा फोनवर नव्हते, तेव्हा माझाच धीर सुटला.

ध्वनिमुद्रण चर्चच्या मागच्या कोठीत होतं. भिंतींना जुन्या गाद्या टांगलेल्या, माइकवर कुणाचा तरी लोकरी मोजा चढवलेला, आणि दाराबाहेर एक लाल दिवा. तो पेटला असताना आत यायचं नाही, हा खटक्याचा एकमेव धर्म. माणूस चाळिशीचा, लग्नांत आणि मैदानांवर स्पीकर लावणारा. “देवाशी माझं भांडण नाही काका,” त्याने पहिल्या दिवशीच सांगितलं, “ओळखच नाही.”

कानांवर हेडफोन चढवून तो माझ्या पानांवरच्या खुणा बघत बसायचा आणि खूण आली की बोटाने मशीनवरची इकोची मूठ वर सरकवायचा. वाचतानाच टेपवर इको चढत होता. नंतर काढता येणार नव्हता. पहिल्याच सकाळी त्याने टेप थांबवली.

“काका, भुताला इको?”

“हो.”

“फादर तर म्हणाले होते देवाला.”

“जिथे देवपण दिसतं तिथे, असं म्हणाले.”

“म्हणजे भुताला ते दिसतं?”

“त्यालाच पहिल्यांदा दिसतं.”

खटक्याने जरा विचार केला. “मग द्यायलाच हवा,” तो म्हणाला आणि मूठ सज्ज केली.

नऊ दिवस रोज सकाळी आम्ही तसं काम केलं. मला असा श्रोता आयुष्यात मिळाला नव्हता. भुतं डुकरांच्या कळपात शिरतात आणि डुकरं तळ्यात उड्या घेतात, तिथे त्याने मला अडवलं.

“किती डुकरं?”

“दोन हजारांच्या आसपास.”

“मालकाला विचारलं होतं?”

“तसं लिहिलेलं नाही.”

“मग गावकरी काय म्हणाले?”

“आमच्या भागातून जा, म्हणून विनवण्या केल्या.”

“बरोबर आहे त्यांचं,” खटका म्हणाला. “पण माणूस दमदार आहे. पुढे वाचा.”

प्रश्नचिन्हावर त्याने मूठ अर्ध्यावर नेली. “तुम्हालाच खात्री नाही, मग मी पूर्ण कशाला देऊ?” सातव्या दिवशी हेडफोन काढत तो म्हणाला, “काका, तुमच्या गळ्यात काहीतरी घासतंय. मशीन नाही ते.” मी त्याला सतरा तारखेचं सांगितलं. त्याने मान हलवली आणि उरलेले दोन दिवस माझ्यासाठी गरम पाणी आणून ठेवलं.

शनिवारी फादर ऐकायला बसले. चर्चच्या सभागृहात, मोठ्या स्पीकरवर. जाणकार म्हणून भोंग्याला बोलावलं होतं. फादरांनी खुर्चीत पाठ टेकली, डोळे मिटले आणि हात पोटावर जुळवले. सुरुवातीला माझी पुटपुट चालली होती तोवर ठीक होतं. मग सभास्थानातला प्रसंग आला आणि एकाएकी सभागृहाच्या चारी कोपऱ्यांतून आवाज उसळला. तू कोण आहेस ते मला पक्कं माहीत आहे! तावदानं थरथरली. फादरांचा चेहरा उजळला. मिटल्या डोळ्यांनी त्यांनी हळूच मान झुकवली.

भुतापुढे.

पुढचं वाक्य येशूचं. ते माझ्या नेहमीच्या आवाजात, कोरडं, खोकला येईल की काय अशा बेताने आलं. “गप्प राहा. बाहेर ये त्याच्यातून.”

फादरांनी एक डोळा उघडला. मग दुसरा.

“आत्ता घुमला तो कोण होता?”

“अशुद्ध आत्मा,” भोंगा म्हणाला. त्याला मनापासून मजा येत होती.

“आणि प्रभू?”

“तो नंतर बारीक आवाजात पुटपुटला, तो.”

फादर उभे राहिले. “खटका! सैतानाला सिंहासन आणि प्रभूला कोपऱ्यातला स्टूल? शुद्धीवर होतास का?”

खटक्याने माझ्याकडे पाहिलं. मी बुटाच्या टोकाकडे पाहिलं. तिथे शाईचा एक डाग होता, त्याचा मी फार बारकाईने अभ्यास केला.

“मशीन जुनं झालंय फादर,” खटका म्हणाला. “मूठ आपोआप सरकते.”

“नेमकी भुतालाच?”

“मशीनला काय कळतं, भूत कोण अन् देव कोण.”

मी तेव्हा बोलायला हवं होतं. नाही बोललो. फादरांनी खटक्याला पाच मिनिटं फैलावर घेतलं आणि ती पाचही मिनिटं मी त्या डागापाशी घालवली.

भोंग्याने घसा साफ केला. “मी म्हणून दाखवू?” विचारून तो माइकपाशी गेलाही. खटक्याने मुकाट्याने इको चढवला. भोंग्याने मेलेल्या मुलीचा प्रसंग निवडला. “मुली, ऊठ!” खरोखरच अंगावर काटा आला. पण तो तिथे थांबला नाही. “हिला काहीतरी खायला द्या!” आणि भिंती म्हणाल्या, खायला द्या, द्या, द्या.

खटक्याने तोंड फिरवलं. फादरांना मात्र ते पसंत पडलं. मंगळवारपासून सगळं पहिल्यापासून, भोंग्याच्या आवाजात. टेप नवीन मिळत नव्हती, म्हणून त्याच रिळांवर, जुनं पुसत. रिळं फादरांनी स्वतःच्या कपाटात ठेवली. “यापुढे मी जातीने बसणार,” ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून जरा मऊ आवाजात म्हणाले, “काका, तुमचे कष्ट वाया गेले. मनाला लावून घेऊ नका.”

बाहेर खटक्याने खिशातून एक कॅसेट काढून मला दिली. चाचणीसाठी पहिल्या भागाची त्याने नक्कल काढली होती, तेवढीच वाचली. “ताईंना द्या,” तो म्हणाला. मला वाटलं, आता तो मला बोलेल. तो बोलला नाही. त्यामुळे जास्त लागलं.

रविवारी मी कॅसेट घेऊन ताईकडे गेलो. तिच्या पलंगाशेजारी मोठ्या बटणांचा टेपरेकॉर्डर आहे. ती हनुवटी वर करून ऐकत राहिली. भूत गरजलं तशी ती हसली, इतकी की शेजारणीने उशी आपटली. छत फोडून लुळ्या माणसाला खाली सोडतात, तिथे म्हणाली, “घरमालकाचं काय झालं ते कुणी लिहीत नाही.” विरोधकांची कुरकुर आभाळातून आल्यासारखी घुमली, आणि तिने कान टेपरेकॉर्डरजवळ नेला.

कॅसेट संपल्यावर विचारलं, “हे कुणाचं डोकं?”

“कशाचं?”

“येड पांघरू नकोस. जे त्याला ओळखतात, त्यांचा आवाज घुमतो. तो स्वतः मात्र आपल्यासारखा बोलतो. खटक्याला हे सुचणार नाही, फादरला तर नाहीच नाही.”

मी सगळं सांगितलं. पेन्सिल, तीन दुपारी, शनिवार, मंगळवार. बुटावरचा डागही सांगितला.

“म्हणजे तुझ्या खुणांसाठी तो खटका शिव्या खातोय.”

“हो.”

“आणि उरलेली रिळं पुसणार.”

“हो.”

“आणि सतरा तारखेनंतर परत वाचता येणार नाही.”

“ताई, मला भीती वाटते गं. फादर बोलायला लागले की माझं मलाच वाटतं, मीच चुकलो असेन. कदाचित चुकलोही असेन. ते शिकलेले आहेत.”

“या पुस्तकाचा शेवट काय आहे, तूच मला सांगितला होतास,” ताई म्हणाली. “बायका थडगं रिकामं बघतात, पळत सुटतात आणि भीतीपोटी कुणाला काहीच सांगत नाहीत. जुन्या प्रती तिथेच संपतात, म्हणालास. बरोबर?”

“बरोबर.”

“मग त्यांनी कुणालाच सांगितलं नसेल, तर हे पुस्तक लिहिलं कुणी? कुणीतरी तोंड उघडलंच असेल की रे मेल्या. ऊठ आता.”

सोमवार मी घरात येरझाऱ्या घालण्यात घालवला. मंगळवारी सकाळी पुस्तक घेऊन चर्चच्या मागे गेलो. कोठीबाहेरचा लाल दिवा पेटलेला होता. दारामागून भोंगा ऐकू येत होता. पुस्तकाची सुरुवात चालली होती. येशू यायच्या आधी एक माणूस रानात उभा राहून ओरडतो, पश्चात्ताप करा, माझ्यामागून मोठा येतो आहे, असं सांगतो. भोंगा ओरडत होता. आणि तो ओरडत होता तसतसं आत रिळावरून माझं एकेक वाक्य पुसलं जात होतं.

दिवा विझायची वाट बघावी, असं मला वाटलं. मी आयुष्यभर तेच केलं आहे. पण हा दिवा विझेल तेव्हा रीळ संपलेलं असणार होतं.

मी दार ढकललं. ते फार वाईट कुरकुरलं.

“फादर,” मी म्हणालो. “खुणा मी केल्या.”

भोंगा ओरडता ओरडता थांबला. खटक्याने हेडफोन काढले. फादर खुर्चीत अर्धे वळले.

“दिवा लागलाय काका.”

“दिसला. भुताखालची खूणसुद्धा मीच केली. खटक्याने फक्त मूठ सरकवली. मशीन ठीक आहे.”

“तुम्ही? भुताला इको तुम्ही दिला?”

“तुम्ही म्हणालात, देवपण दिसतं तिथे.”

“म्हणजे प्रभूच्या शब्दांना! उघड आहे ते. पुस्तकात लाल शाईत छापलेलं असतं!”

“माझ्या पुस्तकात सगळं काळंच आहे.”

फादरांनी माझ्या हातातलं पुस्तक घेऊन उघडलं, चाळलं आणि मिटलं. माझ्या रेघा सोडल्या तर काळंच होतं.

“ठीक आहे. गैरसमज झाला. पण काका, विचार करा. तो बोलणार तुमच्यासारखा, घशात खडा अडकल्यासारखा, माफ करा हं, आणि भुतं बोलणार आभाळातून. तो देव आहे हे ऐकणाऱ्याला कळणार कसं?”

“तेव्हाही कळलं नव्हतं, फादर.”

हे मी बोललो, याचं माझं मलाच आश्चर्य वाटलं. पण तोंड उघडंच होतं, म्हणून पुढचंही आलं. “तो कुठेही मोठ्याने सांगत नाही. उलट जो सांगेल त्याला गप्प करतो. बरोबर जेवणाऱ्यांना शेवटपर्यंत कळत नाही. डोक्यामागे दिवा लावून आवाज घुमवत फिरला असता तर ते शिष्य ठार मूर्ख ठरले असते. आणि ते असतील मूर्ख, पण इतके नसावेत. मी चुकत असेन. पण शेवटचं रीळ एकदा ऐका. मग पुसा.”

“ऐकायला काय जातंय फादर,” खटका म्हणाला आणि उत्तराची वाट न बघता रीळ बदलू लागला.

त्या कोठीत आम्ही चौघे गाद्यांच्या मध्ये कोंबून बसलो. धर्मगुरू विचारतो, तूच का तो? माझा आवाज म्हणाला, “मी आहे,” आणि तो जेमतेम घुमला. फादरांनी भुवई उचलली. मग चेष्टा, खिळे, अंधार. मग, माझ्या देवा, मला का टाकलंस? तिथे इको नव्हता. तिथे माझा गळा खरोखरच घासलेला होता, आणि मी ते लपवलं नव्हतं, कारण लपवता येत नव्हतं. शांतता झाली. खटक्याने ती लांबू दिली होती, वाचताना मला कळलंही नव्हतं. आणि मग चारी बाजूंनी तो जल्लाद बोलला. हा खरोखर देवाचा पुत्र होता.

रिळाचं टोक चाकावर फटफट करत फिरत राहिलं. कुणी उठून थांबवेना.

“एकवीस वर्षं मी या वाक्यावर बोलतोय,” फादर अखेर म्हणाले. “आणि दर वेळी ते मीच म्हणतो आहे, असं मला वाटत आलं.” त्यांनी कपाळ चोळलं. “ते ‘मी आहे’ अर्धवट का घुमलं?”

“तिथे मला खात्री नव्हती.”

“मला आहे!” फादर ताडकन म्हणाले. मग म्हणाले, “तरी राहू दे अर्धंच.”

“म्हणजे माझा पत्ता कट?” भोंग्याने विचारलं. त्याचा आवाज पहिल्यांदाच माणसाच्या मापाचा ऐकू आला.

“नाही, नाही,” मी घाईने म्हणालो. “पहिली सात मिनिटं तुमची झालीच आहेत. रानात ओरडणारा तुमच्याशिवाय कोण वाचणार?”

भोंग्याने यावर विचार केला. “तो मोठा माणूस होता ना?”

“फार मोठा,” फादर म्हणाले. “त्याचं पुढे मुंडकं उडवतात.”

“ते मी वाचतो,” भोंगा म्हणाला. पण ते रीळ आता कुणी पुसू दिलं नाही.

सतरा तारखेला गाठ निघाली. सहा आठवडे एक शब्द बोलायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. बोलायला लागल्यावर काय बाहेर येईल ते तेव्हा कळेल. मला एक पाटी मिळाली आहे. सगळ्यांशी ती चालते, फक्त ताईशी चालत नाही. म्हणून आम्ही ठरवलं आहे की मी तिच्या हातावर बोट टेकवायचं. एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही.

रोज दुपारी मी तिच्या पलंगापाशी बसतो आणि ती माझा आवाज ऐकते. पहिली सात मिनिटं भोंगा. मग दार कुरकुरतं आणि मी म्हणतो, “फादर, खुणा मी केल्या.” रिळांवरून कॅसेटी काढताना खटक्याने तेवढं मुद्दाम ठेवलं आहे. शेजारणीला तो पुस्तकातलाच भाग वाटतो. रानात लोक पापं कबूल करायला येत होते ना, त्यांतलाच हा एक. ताईने तिचा समज तसाच राहू दिला आहे.

येशू थुंकी लावून आंधळ्याला बरं करतो, तो प्रसंग तिच्या खास आवडीचा. पहिल्या खेपेला त्याला माणसं चालत्या झाडांसारखी दिसतात, मग परत हात लावावा लागतो. “माझा डोळ्यांचा डॉक्टर झाडांपर्यंतसुद्धा पोचला नाही,” ती दर वेळी म्हणते.

काल टेपवरचं वादळ शमलं आणि तिने बटण दाबून टेप थांबवली.

“पुटपुट्या, तू इतकी वर्षं वाचतोयस. आता आपण दोघंच आहोत, शेजारीण झोपलीय. खरं सांग. आहे का रे तो देव?”

तिने हात पुढे केला, तळवा वर करून. मी बोट तिच्या तळव्यावर धरलं. टेकवलं नाही. एकदा की दोनदा, हे खिडकीपाशी तीन दुपारी बसून मला कळलं नव्हतं, ते आता एका क्षणात कळावं, अशी तिची अपेक्षा होती. ती वाट बघत होती. मी बोट उचललं, टेप थोडी मागे नेली आणि बटण दाबलं.

खोलीच्या चारी कोपऱ्यांतून माझा जुना आवाज घुमला. हा आहे तरी कोण? वारासुद्धा याचं ऐकतो!

“लबाड,” ताई म्हणाली. “विचारलं तेच परत ऐकवतोस. तुझ्यापेक्षा ते भूत बरं, सरळ सांगतं तरी.”

पण हात तिने मागे घेतला नाही, आणि टेपही थांबवली नाही.